नव्या गावात जुनी फाईल

पहाटे साडेचार

नळातून आधी हवा येते. थोडी फुसफुस, मग गढूळ पाण्याची एक गुळणी, मग धार. तोवर खालून आक्कांची हाक आलेली असते, "ओ मॅडम, पाणी आलं की!" आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. अशोक चौकाच्या पुढं त्यांचं दुमजली घर आहे. खाली त्या, वर आम्ही आणि मागच्या गल्लीत त्यांच्या दिराचे टॉवेलांचे यंत्रमाग.

सोलापूरच्या नळाला रोज पाणी नसतं. उजनी धरण याच जिल्ह्यात, पण तिथून शंभरेक किलोमीटर जलवाहिनीतून पाणी शहरात यायचं आणि मग भागाभागाच्या पाळ्या लागायच्या. आमची पाळी चार-पाच दिवसांनी येते. जूनमध्ये कोल्हापूरहून आलो तेव्हा घर बघताना मी हवा, उजेड आणि दवाखान्याचं अंतर बघितलं. टाकी किती लिटरची हे विचारायचं सुचलं ते ह्यांना, आणि आता रोज त्याचंच मोल कळतं.

केमोथेरपी चालू असताना कोल्हापूरच्या सिस्टरनी एक कागद हातात दिला होता. कच्चं खायचं नाही, पाणी उकळून गार करून प्यायचं, बाहेरून आल्यावर, जेवणाआधी, भाजी चिरताना, प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात, तेव्हा साधा जुलाबही दवाखान्यात पोचवतो. नळ सोडला की पाणी येतं अशा गावात हा कागद सोपा आहे. इथं त्यातल्या एकेका ओळीला बादलीचा हिशोब लागतो. तरीही तो कागद मी स्वयंपाकघरात लावला, कारण पेशी अजून पूर्ण सावरलेल्या नाहीत. पिण्याचं पाणी वेगळ्या पिंपात, त्याला तोटी, आणि त्यात तांब्या बुडवायचा नाही हा लेकीनं घातलेला नियम.

पाणी मी भरत नाही. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा काखेतल्या गाठीही काढल्या. त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते, म्हणून सध्या तरी त्या हातानं जड काही उचलायचं नाही, सुई टोचून घ्यायची नाही, रक्तदाबाचा पट्टा बांधून घ्यायचा नाही. हे आणि लेक नळी धरतात, पिंपं भरतात. मी गॅसवर पातेली चढवते. पहिल्या खेपेला मला नुसतं उभं राहणं फार जड गेलं. वीस वर्षं घरातलं पाणी मी भरलेलं. आक्का जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. पुढच्या पाळीला त्यांचा पुतण्या मागावरून उठून वर आला आणि गच्चीतली टाकी भरून गेला. तेव्हापासून पाळीच्या दिवशी तो येतोच.

सहा

भिंतीचा व्यायाम. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं हळूहळू वर चालवत न्यायची. कालच्या पेन्सिलच्या खुणेपर्यंत तरी पोचायचं. व्यायाम केला नाही तर खांदा आखडतो, आणि रेडिएशनच्या टेबलावर दोन्ही हात डोक्यावर घेऊन निजावं लागतं. हात वर गेला नाही तर उपचारच अडतो.

आंघोळ जपून. छातीवर मार्करच्या रेषा आहेत, त्यांच्यावरून मशीनची जागा ठरते. तिथं साबण नाही, पावडर नाही, तेल नाही, घासणं नाही. मऊ टॉवेलनं नुसतं टिपायचं. टॉवेलाची या गावात काय कमी! आक्कांनी मागावरचे दोन नवे दिले, "धुऊन मऊ करून वापरा, नव्याला खळ असते," असं बजावून. वर सैल सुती ब्लाऊज. सोलापुरात जुलैतही ऊन लागतं, आणि रेडिएशनची कातडी उन्हाला फार नाजूक असते, म्हणून छत्री पावसाची वाट न बघता पर्समध्येच.

सात

भाकरी थापताना बोटांना पीठ नीट कळत नाही. केमोतल्या टॅक्सेन गटातल्या औषधानं हातापायाच्या टोकांना बधिरपणा येतो, तो जायला काही महिने लागतात. ज्वारी मात्र अशी सुरेख की भाकरी तरीही फुगते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन उगीच नाही मिळालेलं. आल्या आल्या आक्कांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली होती. माझं तोंड तेव्हा आतून सोललेलं, तिखटाच्या नुसत्या वासानं डोळ्यांत पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीच भाकरी चुरून दुधात भिजवून आणली. "आता गिळून बघा," म्हणाल्या.

ह्यांच्या बदलीचा आदेश निघाला तेव्हा माझी शेवटची केमो व्हायची होती. सगळ्यांचं मत एकच: मी कोल्हापुरात सासू-सासऱ्यांजवळ राहावं, रेडिएशन तिथंच उरकावं, ह्यांनी एकट्यानं पुढं जावं. दुखणाईत माणसानं उंबरा बदलू नये, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांचं चुकत नव्हतं. तिथले डॉक्टर ओळखीचे, रस्ते पायाखालचे, बहीण हाकेच्या अंतरावर. पण शस्त्रक्रियेपासूनच्या त्या महिन्यांत मला एक कळून चुकलं होतं. दवाखान्यातले तास थोडे असतात. बाकीचा सगळा दिवस आणि सगळी रात्र घरातल्या माणसांवर असते. रात्री दोनला ओकारीसाठी टोपलं धरणारे हे, आणि सकाळी माझ्याकडं न बघितल्यासारखं करून डबा स्वतः भरून घेणारी माझी आठवीतली लेक. ही दोघं असतील तिथं माझा उपचार, असं मी ठरवलं आणि बँकेत पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदलीचा अर्ज दिला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "रेडिएशन कुठंही घेता येईल. मशीन चांगलं हवं, फाईल पूर्ण हवी आणि मधला खंड लांबायला नको." फाईल पूर्ण म्हणजे काय, हे गाव बदलणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी आधीच सांगायला हवं, म्हणून सांगते. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. शस्त्रक्रियेचं सविस्तर टिपण लागतं. गाठीचा अहवाल लागतो, त्यात किती गाठी काढल्या आणि किती बाधित निघाल्या ते असतं. हार्मोन रिसेप्टर आणि हर-टूची तपासणी, केमोच्या प्रत्येक फेरीची तारीख आणि मात्रा, हृदयाचा इको, स्कॅनच्या सीडी. आणि ब्लॉक. गाठीचे तुकडे मेणात बसवून प्रयोगशाळा जपून ठेवते. नव्या गावातल्या पॅथॉलॉजिस्टला पुन्हा बघायचं असेल तर तेच लागतात. सही करून मागितले की मिळतात, पण मागावे लागतात. सामानाचा टेम्पो पुढं गेला. ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड मी माझ्या पर्समध्ये, पाण्याच्या गार बाटलीशेजारी ठेवून आणल्या. मेण ते, जूनच्या उन्हात टेम्पोत मऊ पडलं असतं.

साडेआठ

रेडिएशन विभाग तळमजल्याच्याही खाली आहे. भिंती जाड, दार त्याहून जाड, बाहेर बाकडी. माझी वेळ नऊच्या आधीची आहे, बँक गाठायची म्हणून मुद्दाम मागून घेतली. पण मशीनपुढं सगळे सारखेच, कधी अर्धा तास इकडं, कधी तिकडं.

या बाकड्यांवर चार भाषा ऐकू येतात. कानडी सगळ्यांत जास्त, कारण इंडी, अफझलपूर, कलबुर्गीकडची माणसं. मग मराठी, तेलुगू, उर्दू. सोलापूर मला माणसांच्या दुखण्यातून कळत गेलं. कुणी अक्कलकोटहून पहाटेच्या गाडीनं येतं, कुणी इथंच खोली घेऊन राहिलंय. उपचार फुकट असला तरी राहणं फुकट नसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा खर्च बसतो, आरोग्यमित्र कागद बघून देतो. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं माफ, सोबतच्या माणसाला पाऊण सवलत, दवाखान्यानं फॉर्म भरून दिला की झालं. एसटीत बायकांना २०२३ पासून निम्मंच तिकीट. खोलीचं भाडं, रॉकेल-गॅस, बुडालेली मजुरी आणि गावाकडं कुणाच्या तरी भरवशावर ठेवलेली जनावरं मात्र कुठल्याच योजनेत येत नाहीत.

माझ्या शेजारी बसतात त्या ताई उमरग्याकडच्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग. आठवड्याचे पाच दिवस रेडिएशन, आठवड्यातून एकदा केमोची सलाईन आणि शेवटी आतून द्यायचं रेडिएशन. हा सगळा उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरा व्हावा, असं डॉक्टर बजावतात. या आजारात मधे दिवस पडले की गुण कमी येतो. ताई रोज एसटीनं येतात आणि रोज परत जातात. येताना दोन तास, जाताना दोन तास, शिवाय फाट्यापासून गावापर्यंत जे मिळेल ते. परवा त्या आल्या नाहीत. आषाढीच्या दिवसांत गाड्या पंढरपूरकडं वळवलेल्या, फाट्यावर दुपारपर्यंत थांबून त्या घरी गेल्या.

त्यांनीच सांगितलेली एक गोष्ट मला सोडत नाही. "आमच्या सासूची तपासणी झाली होती की. बार्शीच्या दवाखान्याच्या बाया गावात यायच्या. मी तवा लहान. तिशीच्या वरच्यांनाच घ्यायचे."

त्या सांगत होत्या ते खरं आहे, आणि ते जगात गाजलेलं काम आहे. सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी, सत्तरेक किलोमीटरवरचं गाव. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, तिथले डॉ. भगवान नेने आणि त्यांच्याबरोबर टाटा रुग्णालयाशी जोडलेल्या डॉ. कस्तुरी जयंत. १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथं सुरू झाली. शहरात नोंदणी सोपी असते, रुग्ण दवाखान्यात येतो आणि वहीत जातो. खेड्यात बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नाही, घरातच जाते, आणि आजाराचं नावही कुठं लागत नाही. म्हणून बार्शीची माणसं गावोगाव फिरली. अंगावरून पांढरं जातंय का, मधेच रक्त जातंय का, हे बायकांशी बसून बोलली. १९९५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अशा नुसत्या बोलण्यानं, जागृतीनं, बायका आजार वाढायच्या आधी दवाखान्यात येऊ लागल्या. त्यात कुठलं नवं मशीन नव्हतं, नवं औषध नव्हतं.

मग आली ती मोठी चाचणी, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात. १९९९ पासून पुढं गावांचे ५२ गट, तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्ही विषाणूची तपासणी, काहींत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं, आणि काहींत फक्त नेहमीची सेवा. बार्शी, टाटा आणि फ्रान्समधल्या लियोंची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून हे केलं, आणि २००९ मध्ये अमेरिकेच्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. काही गटांना तपासणीविना ठेवल्याबद्दल पुढं टीका झाली, आणि ती टीका मला अवाजवी वाटत नाही. पण त्याहून मोठं दुःख माझ्या शेजारी बसलं होतं. जगाला ज्या जिल्ह्यानं हे शिकवलं, त्याच जिल्ह्यातली, तेव्हा तिशी न गाठलेली सून आज सेहेचाळिसाव्या वर्षी बाकड्यावर बसली आहे. तिची तिशी झाली तेव्हा तिच्या दारात कुणी आलं नाही.

माझं नाव पुकारतात. आत थंडी असते. हात डोक्यावर, मान एका बाजूला. भिंतीतून येणाऱ्या लेझरच्या रेषा छातीवरच्या शाईच्या रेषांवर बसेपर्यंत तंत्रज्ञ मुलं मला मिलिमीटरनं सरकवतात. "मॅडम, तुम्ही हलू नका, आम्हीच हलवतो." मग ती दोघं बाहेर जातात, दार बंद होतं, आणि वरून आवाज येतो, "श्वास भरा... अजून... थांबा." डाव्या बाजूचा कर्करोग असला की श्वास भरून धरायला सांगतात. फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून मागं सरकतं आणि किरणांच्या वाटेतून जरा दूर होतं. "थांबा... थांबा... सोडा." पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. दुखत काही नाही.

पूर्वी स्तनासाठी पाच आठवडे रेडिएशन देत. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी २००८ मध्ये दाखवलं की दर वेळची मात्रा थोडी वाढवून तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिलं तरी आजार तितकाच आवरतो. आता आपल्याकडंही पुष्कळ ठिकाणी तसंच देतात. दोन आठवडे वाचले म्हणजे काय, ते या बाकड्यांवर बसलेल्यांना विचारावं. दोन आठवड्यांचं खोलीभाडं, दोन आठवड्यांची मजुरी, शेतातली पेरणी.

सव्वादहा

रिक्षानं बँक.

साडेदहा ते दीड

माझं टेबल पेन्शनचं आहे. रोकड मी सांगूनच नाकारली. बधिर बोटांनी नोटा मोजणं मला जमलं असतंही, पण एक नोट जास्त गेली की भरायची मीच. शाखाधिकाऱ्यांनी एका शब्दानं मान्य केलं.

सकाळी संगणकात शिरायला बोटाचा ठसा लागतो. केमोनंतर तळहातांची आणि बोटांची कातडी सोलून निघाली, नवी आली ती गुळगुळीत. यंत्र माझं बोट ओळखेना. हुद्दा, क्रमांक, सही सगळं होतं, बोटच माझं नव्हतं. तांत्रिक विभागानं दुसऱ्या बोटाची नोंद घेतली तेव्हा काम चालू झालं.

आणि दहा मिनिटांत समोर एक आजी आल्या, निवृत्त विडी कामगार, हयातीच्या दाखल्यासाठी. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी. विडी कंपनीच्या ब्रँचमधून पान आणि तंबाखू घ्यायचा, घरी वळायचं, हजाराच्या हिशेबानं परत द्यायचं. आयुष्यभर तेंदूच्या पानावर घासून बोटांच्या रेषा पुसलेल्या. यंत्र त्यांचाही अंगठा घेईना. चार वेळा, पाच वेळा. आजी ओशाळल्या, पदराला अंगठा पुसू लागल्या. पेन्शन थोडकी, कामगार भविष्य निधीची किमान रक्कम २०१४ पासून हजार रुपये ठरलेली, पण तीही दाखल्याशिवाय थांबते. २०२१ पासून हयातीचा दाखला चेहऱ्यावरूनही काढता येतो, मोबाइलवर. मी टेबलाबाहेर आले, त्यांना खिडकीजवळ उजेडात बसवलं आणि चेहरा टिपला. काम झालं.

त्या जाताना माझ्या डोक्याच्या रुमालाकडं बघत होत्या. मी सांगून टाकलं. लपवायचं नाही हे मी कोल्हापुरातच ठरवलं होतं, कारण लपवलं की दुसरी बाईही लपवते. आजी हळूच म्हणाल्या, त्यांच्या तोंडात गालाच्या आत एक पांढरा चट्टा आहे, बरेच दिवस. मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड आपल्याकडं किती घरांत बायका सकाळी दातांना लावून बसतात! गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आली, मिश्रीला मात्र कुणी व्यसन म्हणतच नाही. मी कागदावर सिव्हिलच्या दंतविभागाची वेळ लिहून दिली आणि मुलाला सोबत न्या म्हणाले. चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, पण दाखवलाच पाहिजे, हे दोनदा सांगितलं. रांगेतल्या लोकांनी थोडी कुरकुर केली. करू दे.

दीड

डबा. मागच्या खोलीत दोन खुर्च्या जोडून पंधरा मिनिटं पाठ टेकते. रेडिएशनचा थकवा झोपेनं जात नाही, अंगात पीठ भरल्यासारखं वाटतं. सहकारी तेवढ्या वेळात दार लोटून ठेवतात. गावाकडची चौकशी, सल्ले, कुणाच्या तरी मेव्हण्याची पपईच्या पानांच्या रसाची गोष्ट, हे सगळं पहिल्या आठवड्यात होऊन गेलं. आता नुसती शेंगाचटणी पुढं सरकवतात. मला ती आता खाता येते.

दोन ते साडेपाच

पासबुकं, केवायसी, मयत खात्यांचे दावे.

साडेपाच

घरी जाताना सात रस्त्याच्या औषधाच्या दुकानात मलम. दुकानदारानं विचारलं, कुठल्या गावच्या? कोल्हापूरची, म्हणाले. "मग इथलं ऊन सोसतंय का?" सोसतंय.

सात

सासूबाईंचा फोन याच वेळी येतो. आधी ताप विचारतात, मग जेवण, मग पाणी आलं होतं का. सोलापूरचं पाणी हा त्यांच्या काळजीचा मोठा विषय होऊन बसलाय, आणि मला ते बरं वाटतं, कारण आजारापेक्षा पाण्यावर बोलणं त्यांना सोपं जातं. आज त्यांनी त्यांच्या थोरल्या नणंदेची आठवण काढली. तीस वर्षांपूर्वी आत्यांना कर्करोग निघाला तेव्हा मुंबईशिवाय दुसरं नावच घरात कुणाला माहीत नव्हतं. परळचं टाटा रुग्णालय, १९४१ साली उघडलेलं. देशभरातून लोक तिथं लोटायचे, अजूनही लोटतात. आत्या आणि त्यांचा मुलगा दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिले. गाडगेबाबांनी रुग्णांच्या नातेवाइकांची सोय हीही सेवा मानली, त्यांच्या मागं त्या कामानं किती कर्करोग्यांना पाठ टेकायला जागा दिली असेल! धर्मशाळेत जागा होती म्हणून आत्यांचा उपचार पुरा झाला, असं सासूबाई म्हणाल्या. आणि मग थोडं थांबून, "तू गेलीस ते बरंच केलंस. एकटीनं इथं काढलं असतंस, पण कशाला?"

इतके दिवस मला हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

साडेआठ

जेवण. लेकीच्या शाळेत आज ओळखी झाल्या, "का बे" म्हणायला शिकली आहे आणि प्रत्येक वाक्याला लावते. तिचं वय एचपीव्हीच्या लशीचं आहे. पंधराच्या आत दोन मात्रा पुरतात. पुण्याच्या सीरमनं बनवलेली भारतीय लसही आता मिळते. माझा कर्करोग वेगळा, या लशीशी त्याचा संबंध नाही, पण रोज सकाळी बाकड्यावर उमरग्याच्या ताईंशेजारी बसून मी ही लस पुढच्या महिन्यावर ढकलणार नाही. ह्यांनी बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली.

साडेनऊ

जेवण झाल्यावर खाली आक्कांकडं गेले. गच्चीला लागून एक खोली आहे, मागांचं सूत ठेवायची. पत्र्याची नाही, स्लॅबची. खिडकी आहे, बाजूला न्हाणी आहे. तिथं कुणी राहत नाही.

मी उमरग्याच्या ताईंचं सांगितलं. दोन तास येणं, दोन तास जाणं, परवाचा बुडालेला दिवस, आठ आठवड्यांची मुदत. त्यांचा जीव आता फाट्यावरच्या एका गाडीवर टांगलाय, हेही सांगितलं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मला मशीन, फाईल आणि खंड या तीन गोष्टी सांगितल्या होत्या. ताईंकडं पहिल्या दोन आहेत. तिसरीला खोली लागते, आणि ती कुठल्याच चिठ्ठीवर लिहून मिळत नाही. बार्शीच्या लोकांनी गावोगाव पायपीट केली ती याच अंतराशी झगडत. आपल्याकडं ते अंतर अजून संपलेलं नाही, आणि ते संपेपर्यंत ज्याच्याकडं खोली आहे त्यानं ती द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आक्कांना मी एवढं सगळं बोलले नाही. फक्त ताई किती दमतात ते सांगितलं.

आक्कांनी विचारलं, "संगं कोण असंल?"

"सासू. तपासणी झालेली ती."

"रांधणार कुठं?"

"माझ्या गॅसवर."

"पाणी?" हा प्रश्न येणारच होता. दोन माणसं वाढली की टाकी पाचव्या दिवसापर्यंत पुरत नाही. आक्कांनी दिराच्या पोराला हाक मारली. मागावर दोनशे लिटरचं एक प्लास्टिकचं पिंप रिकामं आहे, ते धुऊन गच्चीत चढवायचं ठरलं. भाड्याचं मी काढलं तर त्या तेलुगूत पुतण्याला काहीतरी म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "लाइटबिल देऊ द्या. सूत हलवायला मात्र उद्याचा दिवस लागंल बघा."

वर येऊन ताईंना फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही, त्यांच्या गावात रात्री रेंज घराच्या मागच्या अंगालाच असते. दुसऱ्यांदा मुलानं उचलला. त्याला पत्ता सांगितला, अशोक चौकात उतरून फोन करायला सांगितलं. सगळी फाईल आणायची, नुसतं कार्ड नाही. रेशनकार्ड आणि आधारही. सासूच्या गोळ्या असतील तर त्या. मागून ताईंचा आवाज आला, अंथरूण आणू का, घागर आणू का.

"अंथरूण आणा. घागर नको, आहे इथं. आणि उद्याची गाडी चुकवू नका, उद्याची शेवटची धावपळ. परवापासून दोघी मिळून रिक्षानं जाऊ."